बोटभर जादा

शिरड शहापूर,
२७ ऑगस्ट २००१

करुणे,

जयभीम खाली घालते, आधी माझं ऐकून घे. बूट आले. बूट कशाचे, डोंगे हायेत! सिद्धेश्वरच्या धरणात सोडले तर एकेकात एकेक भोई बसून मासे धरून येईल. तुझ्या दाजींना सकाळच्या जीपनं औंढ्याला धाडलं, एसटीचं पार्सल सोडवून आणायला. शीतल दारात उभी. जेव म्हणलं तर जेवंना. डबा उघडला, पोरीनं पाय घातला, नाडी आवळली, आन् टाचंच्या मागं माझी दोन बोटं आत गेली. दोन! मी म्हणलं, चालून दाखीव. चालली तर पाय पुढं आन् बूट मागं. दाजी हसायले. मी म्हणलं, हसू नका, पोरगी रडायला आलीय.

मी तुला कागद धाडला होता का न्हाई? वहीचं मधलं पान फाडून, त्याच्यावर लेकराचा पाय ठेवून, पेन्सिल फिरवून? त्या कागदाचं काय केलंस? तू शिकलेली, दवाखान्यात नर्स. माणसाच्या हातातली नस तुला दिसती, सुई बराबर तिथंच टोचती, आन् कागदावरचा एवढा पाय दिसंना?

तुला वाटत असंल, अक्का एका बुटासाठी काहून एवढी करून राहिली. तर ऐक. शीतल पाटाच्या वाटंवर पळती, सकाळी आन् शाळा सुटल्यावर. तिच्या शाळेत उत्तमसिंग सर हायेत, खेळाचे. ते म्हणतात, ही पोरगी सहाशे मीटरला जिल्ह्यात कोणाला ऐकायची न्हाई, जिल्ह्याचं झालं की नोव्हेंबरात नांदेडला विभागाचं. पण पळून आली की नडगी धरून बसती. सरांनी तिला वल्या पायानं फरशीवर उभी केली, मला ठसा दाखवला. सगळा पाय उठला, मधी खाचच न्हाई. तळवा सपाट हाय म्हणे, म्हणून पाय आतल्या अंगाला पडतो आन् सगळा भार नडगीवर येतो. टाच घट्ट धरणारा आन् तळव्याला आधार देणारा बूट पाहिजे. शाळेचे कॅनव्हासचे चालत न्हाईत. असंच पळत राहिली तर हाड धरंल आन् मग पळणं बंद. हे सरांचं बोलणं, माझं न्हाई.

हिंगोलीची दुकानं पालथी घातली. नांदेडलाही जाऊन आले, तू विचारायच्या आत सांगते. बारक्या लेकरांचे हायेत, टाचंत लाल दिवे लागणारे. मोठ्या गड्यांचे हायेत. मधल्या पायाला कोणी बूटच करत न्हाई वाटतं. म्हणून तुला लिहिलं, न्हाईतर लिहिलं नसतं.

फोन कर म्हणू नको. शंकरसिंगच्या एसटीडीवर अर्धं गाव बाकावर बसून ऐकतं. मी चौथी शिकले तेवढ्यात भागतं माझं. लिहून कळीव, हे कसं झालं.

जयभीम.
पद्मा


औरंगाबाद,
४ सप्टेंबर २००१

अक्का,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र ड्युटीवरून आल्यावर चप्पल न काढता वाचलं. आधी काय झालं ते सांगते, मग माझी चूक निघाली तर काढ.

तुझा कागद घेऊनच दुकानात गेले होते. दुकानदारानं तो बुटाच्या तळाला लावून पाहिला, बरोबर बसला. मी म्हटलं, वाढतं लेकरू आहे, एक नंबर मोठा द्या. त्यानं दिला. घरी आल्यावर डबा पाहिला तर दोन नंबर मोठा. दुसऱ्या दिवशी परत गेले, तर मलाच म्हणतो, "बहनजी, बच्चे का पैर है, छे महीने में फिर आना पडता. मैंने तो भला सोचा." मलाही वाटलं, बरंच केलं, जास्त दिवस पुरतील. म्हणून तसेच पाठवले.

पण अक्का, दोन नंबरांची दोन बोटं होत नाहीत. एखादं बोट झालं असतं. बाकीचं एक बोट कुठून आलं? तू पेन्सिल कशी फिरवली होतीस?

बूट न घालता परत पाठव. मातीत गेलेले तो बदलून देणार नाही. नडगीला पळून आल्यावर गार पाण्याची घडी ठेवायला सांग, आणि दुखत असताना पळू देऊ नकोस.

शीतल उंच झाली असेल ना? मला ओळखते का? असो. दाजींना जयभीम सांग.

तुझी
करुणा


शिरड शहापूर,
१२ सप्टेंबर २००१

करुणे,

पेन्सिल कशी फिरवली म्हणजे? जशी फिरवायची असती तशी. पायाच्या पुढं माझं बोट आडवं ठेवलं आन् त्याच्या भायेरून रेघ मारली. वाढत्या लेकराचं माप बोटभर जादा घ्यायचं असतं, हे आता मी तुला सांगू? आपल्या मायनं आपलं झंपर, परकर, काहीतरी कधी बराबर मापाचं घेतलं होतं का? माझी पहिली चप्पल माझ्या पायाला बराबर झाली तवा तिचा अंगठा तुटला होता. गल्लीत कोणाच्या बी घरी जाऊन बघ, लेकराचं माप असंच जातं. मी टाकलं ते माझं कामच होतं. तू काहून टाकलंस? मी टाकलंच असंल, एवढं तुला कळू नये? आन् त्या दुकानदाराला कोणी बोलावलं होतं आमच्या लेकराचं भलं करायला? तिघांनी मिळून एका पायावर माया केली आन् लेकरू पडलं.

व्हय, पडलं. तू न घालता पाठव म्हणलीस, तुझं पत्र आलं तवा घालून झालते. पुढं चिंध्या कोंबल्या आन् निघाली पळायला. मी न्हाई म्हणले न्हाई, तिचं तोंड बघवंना. पाटाच्या वाकणावर पाय बुटात फिरला आन् खडीवर पडली, गुडघा सोलून निघाला. घरी आल्यावर मलाच म्हणती, "माय, मावशीला लिहू नको मी पडले म्हणून. तिला वाईट वाटंल." म्हणून लिहून राहिले.

ते डोंगे आता आडव्या फळीवर ठेवलेत. पाय भरंल तवा भरंल.

हा नवा कागद. ह्याच्यावर एक रेघ जादा न्हाई. सरांच्या समोर उभी करून, दोन्ही पायांवर भार देऊन काढलाय. बसून काढला की पाय बारका येतो म्हणे, मला काय माहीत. उजवा पाय थोडा मोठा हाय, तोच काढला. आता ह्याच्यात तू काही मिळवू नको, आन् त्या तुझ्या भलं करणाराला बी मिळवू देऊ नको. जिल्ह्याचं दहा-पंधरा दिवसावर आलंय, त्याच्या आत आले तर आले.

लेकरू ओळखतं का म्हणून काय विचारती. लेकरं सगळ्यांना ओळखतात.

पद्मा


औरंगाबाद,
५ ऑक्टोबर २००१

अक्का,

सप्रेम जयभीम. उशीर झाला, रागावू नकोस. आमच्याकडे तापाची साथ आहे, दोन-दोन पाळ्या कराव्या लागल्या. जिल्ह्याच्या आत पोचले नाहीत याची मला टोचणी आहे.

आज पार्सल टाकलंय. या वेळी मी अडीच तास दुकानात बसले. बूट हातात घेऊन वाकवून पाहिला. बोटांपाशी वाकतो, मधे वाकत नाही, टाचेचा भाग दाबला तर दबत नाही. तळव्याच्या आत उंचवटा आहे, सरांना दाखव, तेच म्हणतील. दुकानदाराला आधीच दम दिला, "भाई, तुम कुछ मत सोचो."

आणि एक केलं. तू लिहिलंस की एक रेघ जादा नाही. पण मी तुला ओळखत नाही का? तू भाजीवालीला "बास झालं" म्हणतेस आणि पिशवीचं तोंड उघडंच ठेवतेस. रागात लिहिलंस तरी पेन्सिल फिरवताना बोट आडवं ठेवलंच असशील. आमचे प्रज्ञेशसुद्धा म्हणाले, पद्माक्का जादा टाकल्याशिवाय कागद पाकिटात घालणार नाहीत. म्हणून तुझ्या कागदातून मी बोटभर कापलं आणि मग माप दिलं. आता अगदी बरोबर येतील. नाही आले तर मला नावं ठेव.

जिल्ह्याचं काय झालं ते लगेच लिही. मी इथे पेपरमध्ये शोधत बसले होते, हिंगोलीचं एवढंसं सुद्धा आलं नाही.

करुणा


शिरड शहापूर,
१९ ऑक्टोबर २००१

कापलंस?

करुणे, तू कापलंस? मी जलमात एकदा बराबर माप धाडलं आन् नेमकं त्याच दिवशी तुला अक्कल आली? मी लिहिलं होतं ना, सरांच्या समोर काढलंय म्हणून? त्या सरांच्या नावाला तरी मान द्यायचास!

आता जे झालं ते लाज सोडून लिहिते. जिल्ह्याला शीतल दुसरी आली. अनवाणी पळली, नडगीला माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून. पहिल्या दोघी नांदेडला जाणार, म्हणून आमी नाचलो. मग तुझं पार्सल आलं. मी पत्र आधी न वाचता बूट घालायला दिले, ही माझी घाई. विचारलं, बसले का? म्हणाली, "मस्त बसले माय." विचारलं, बोटं हलतात का? म्हणाली, "हलतात ना." आठवडाभर त्यातच पळली. काल आंघुळीला बसली तवा पाय पाटावर ठेवला, आन् मी बघितलं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी-निळी. उजवं तर मुळातून उचललेलं. मी तांब्या तिथंच टाकला. म्हणलं, काहून बोलली न्हाईस गं? बारा वर्षाचं लेकरू, काय म्हणावं तिनं? "बोलले असते तर तू परत मावशीशी भांडली असतीस."

मग आठवडाभर तसंच पडून राहिलेलं तुझं पत्र वाचलं. भांडले. तू नव्हतीस म्हणून भिताडाशी भांडले.

सरांकडं गेले बूट घेऊन. त्यांनी हातात धरून वाकवला, दाबला, म्हणले, "बूट चांगलाय ताई, अगदी पाहिजे तसा. पाय चुकला." मग म्हणले, "कागद कशाला धाडता? बहीण औरंगाबादला हाय तर लेकरूच धाडा की. बूट पायात घालून, चालून, पळून बघायचा असतो. एका संध्याकाळचं काम." पदर सावरला आन् निघून आले.

आता मला एक सांग, आन् खरं सांग. आधी मोठे, मग बारके. हे तू जाणून तर केलं न्हाईस ना? म्हणजे अक्का कटाळंल, हात टेकंल, आन् आपूनच पोरीला तुझ्या दारात आणून सोडंल, असं? तुझ्या मनात ते अजून हाय का, करुणे?

नखासाठी काय करू ते बी लिही. नांदेड सत्तावीस नोव्हेंबरला हाय.

पद्मा


औरंगाबाद,
२७ ऑक्टोबर २००१

अक्का,

आधी नखाचं. कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून दोनदा पाय बुडवून ठेवायचा, कोरडा करायचा. उचललेलं नख ओढून काढू नका, वर स्वच्छ कापडाची सैल पट्टी बांधा. ते बूट आता घालायचे नाहीत. पू दिसला किंवा अंगठा गरम लागला तर औंढ्याला सरकारी दवाखान्यात ने, घरी बसू नकोस. नुसतं नखच असेल तर तीन आठवड्यांत पळेल.

आता तुझ्या प्रश्नाचं. कापलं ते चुकलं. जाणून केलं नाही. तुझ्यावर विश्वास ठेवायला पाहिजे होता, नाही ठेवला.

पण पोरीला दुकानात आणलं तर एका संध्याकाळचं काम आहे, हे तुझ्या सरांनी सांगायची गरज नव्हती. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी लिहिलं नाही. काहून लिहिलं नाही ते तुला ठाऊक आहे, तरी विचारतेस म्हणून लिहिते.

शीतल चार वर्षांची होती. उन्हाळ्यात महिनाभर माझ्याकडे राहिली. मी तुला पत्र टाकलं की तिला इथेच राहू दे, शाळेत घालते, आमच्या घरात लेकरू नाही, तुझ्या-माझ्यात काय वेगळं. पत्र मिळालं त्याच दिवशी तू एसटीत बसलीस. आत आली नाहीस. दारातूनच तिला उचललंस आणि म्हणालीस, "तुझ्या पदरात न्हाई म्हणून माझ्या पदरात हात घालू नको." तिची एक चप्पल इथेच राहिली. आठ वर्षं झाली. तू माझ्या दारात आली नाहीस, मी शिरडला आले नाही. सोयऱ्यांच्या लग्नांत भेटलो तेवढंच.

तेव्हापासून "पाठव" हा शब्द मी तुला कधी लिहिला नाही, अक्का. याही पत्रात लिहीत नाही.

करुणा


शिरड शहापूर,
१ नोव्हेंबर २००१

करुणे,

तुझं पत्र आलं. वाचलं. ह्यांनी विचारलं काय लिहिलंय, मी म्हणलं नखाचं लिहिलंय. त्या दिवशी मी जे बोलले ते बोलले. आता ते धुवायला बसत न्हाई, कापूस येचायला आलाय आन् बायका मिळंनात. पण चपलेचं मला माहीत नव्हतं. एसटीत ती पायाकडं बघून रडून राहिली होती, मला वाटलं तुझ्यासाठी रडती, म्हणून एक धपाटा घातला.

नख बरं हाय. पू न्हाई. मिठाचं पाणी दोनदा करते.

काल काय झालं ते ऐक. तुला धाडायला म्हणून तिसरा कागद काढायला बसले. सरांच्या समोर काढलेल्या कागदाची मी एक नक्कल ठेवली होती, तीच घेतली, म्हणलं हिच्यावरूनच रेघ मारावी. पोरीला वर उभी केली. अंगठा रेघंच्या भायेर! जरासाच, पण भायेर. मी म्हणलं, सरळ उभी ऱ्हा. म्हणली, सरळच हाय माय. परत उतरवली, परत उभी केली. भायेरच. मी पेन्सिल खाली ठेवली. म्हणजे मी माप काढायचं, पाकिटात घालायचं, ते तुझ्याकडं जायचं, बूट यायचा, आन् तवर इकडं पाय पुढं गेलेला. ह्या पोरीचं माप टपालात बसतच न्हाई.

तर आता कागद बंद. पायच धाडते.

शनिवारी, दहा तारखेला, सरांची बायको नर्मदाबाई माहेरी निघालीय औरंगाबादला. तिच्यासंगं शीतलला बसवून देते. बसस्टँडवर तू स्वतः उभी ऱ्हा, प्रज्ञेशरावांना धाडू नको, पोरगी त्यांना इसरलीय. तुला ओळखती. तू विचारलं होतंस, मी जवाब दिला न्हाई. पार्सलावरचं तुझं अक्षर कातरून तिनं दप्तरात ठेवलंय. तिला वाटतं मला माहीत न्हाई.

दुकानात कसं करायचं ते लिहिते, ह्यात तुझी अक्कल चालवू नको. दिवसभर चालल्यावर संध्याकाळी ने, पाय तवा भरलेला असतो. दोन्ही पायांत घालायला लाव, मोजे घालून. टाच हलली न्हाई पाहिजे आन् बोटं हलली पाहिजेत. दुकानाच्या भायेर रस्त्यावर पळीव. दुकानदार नको म्हणला तर सांग, हिची माय शिरडहून येईल, मग बघून घे. आन् शीतल म्हणंल, "मस्त बसले मावशी." त्याच्यावर जाऊ नको. तिला विचारूच नको. पळताना तिचं तोंड बघ, तोंडावरून कळतं. आजच्या पायाचे घे. पुढच्या वर्षीच्या पायाचं पुढच्या वर्षी बघू, मी न्हाईतर तू, कोणीतरी असूच.

तिला वांग्याची भाजी आवडत न्हाई. झोपताना पांघरूण फेकून देती, टाकत ऱ्हावं लागतं. दुखलं तर बोलत न्हाई, हे तर तुला कळलंच.

दोन रात्री ऱ्हाईल. शनिवारची आन् रविवारची. त्याच्यावर बोटभर जादा करायचं न्हाई, सांगून ठेवते. सोमवारी सकाळच्या गाडीत बसायचं, आन् तू स्वतः आणून सोडायचं. औंढ्यापर्यंत न्हाई, घरापर्यंत. आत यायचं. जेवायचं. ती चप्पल अजून असंल तर आण, टाकली असंल तर राहू दे.

रविवारी त्या बाजूला दुकानं बंद असतात का? असली तर सोमवारी संध्याकाळी घ्या आन् मंगळवारी या. मंगळवार चालंल.

आता जवाब. पत्रानं नको, टाइम न्हाई. बुधवारी, सात तारखेला, दिवा लागायच्या वक्ताला शंकरसिंगच्या एसटीडीवर फोन कर. मी बाकावर येऊन बसते. गाव ऐकंल तर ऐकू दे. व्हय म्हण नायतर न्हाई म्हण, पण बुधवारी म्हण.

जयभीम.
पद्मा